संपलेली बटनं

आता तुम्हीच सांगा, राग येणार नाही का मले? आर्णीत आमच्या भाऊजींचं दाखले काढायचं दुकान आहे. त्यायच्यासाठी मी आठ दिवस खपून कॉम्प्युटरच्या एडिटरात, म्हणजे लिहा-पुसाच्या पानावर, शब्दायचीच बटनं केली. ‘सातबारा’ या निळ्या शब्दावर क्लिक केलं का सातबारा निघते.

पहिल्याच दिवशी दुपारी त्यायचा फोन. “तुही बटनं संपली.”

गेलो, तर पान कोरं.

“भाऊजी, शब्द कुठी गेले?”

“काम झालं का यादीतून खोडाच लागते ना? एकेक निघालं का पुसत गेलो.”

“अन् दुसरा कोणी सातबाऱ्याले आला तर?”

“तिघं आलते. आजचा संपला म्हणून वापस पाठवले. उद्या सातबाऱ्याची जराशी जास्त टाकजो.”