आठ पुरचुंड्या

आमी मूळचे बोरी अरबचे. माहे अब्बा गवंडी, आजाबी गवंडी, आमच्या घरात पोट्ट्याच्या हाती खुळखुळ्याच्या आंधी ओळंबा येत असन, पण मी निंघालो कागदवाला. आयटीआयचा सर्व्हेअरचा कोर्स केला अन् यवतमाळात एका ठेकेदाराच्या हापिसात लागलो. काम काय, तर मोजाचं. नकाशा समोर घेतला का किती ईटा, किती गिट्टी, किती लोखंड लागन हे आंधी काढाचं, त्याले एस्टिमेट म्हणतेत, अन् मंग काम होत गेलं का टेप घेऊन जाचं अन् जेवढं झालं तेवढं मोजमापाच्या पुस्तकात लिवाचं. लोक म्हणत, रशीदभाईचं बरं हाये, सावलीत बसून घर बांधते. अब्बाले मात्र काळजी राहे. अब्बा म्हणे, बेटा, भिंत उभी रायते, ते उद्याबी मोजता येते, पण पायवा एकदा झाकला का मंग तुह्या लिवण्यावरच लोकाले भरोसा ठेवा लागते, म्हणून खड्ड्यात उतरल्याशिवाय कलम उचलू नको.

अब्बाची एक रीत होती. आमच्याकडं वरून काळी माती, अन् काळी माती लय बेइमान, पाणी पेली का फुगते, उन्हाळ्यात फाटते, तिच्यावर घर ठेवाचं नाही, खाली मुरूम लागेपर्यंत जाचं. तर मुरूम लागला का अब्बा सोता खड्ड्यात उतरे, मूठभर मुरूम काढे अन् फडक्यात बांधून घरधन्याले देये, म्हणे, ठेवा, तुमच्या घराचा पाय इथवर गेला. जेवढे खड्डे तेवढ्या पुरचुंड्या. अब्बा गेल्यावर हे रीत मी चालवली. इंजिनेर लोक हसत. मी म्हणो, हसा लेकहो, तुमची डिग्री भिंतीवर टांगेल हाये, माही फडक्यात हाये. लय घमेंड होती मले त्या मुठीची.

मंग झरी जामणीकडं एका पोडावर शाळेच्या दोन खोल्याचं काम आलं. पोड म्हणजे कोलामाची वस्ती, वीस-पंचवीस घरं, चारी मेरं जंगल. पोट्टे दूरच्या शाळेत पायी जात, म्हणजे खरं सांगू का, जातच नोते. तिथला नाईक, त्या वस्तीचा पुढारी, बुढा माणूस, त्यानं आपल्या वावरातला रस्त्याकडचा तुकडा शाळेले देल्ला. खोदकाम सुरू झालं तसा तो सकाळपासून खड्ड्याच्या काठावर येऊन बसे. मी पहिली पुरचुंडी देल्ली तवा त्यानं ते कपाळाले लावली.

कॉलमचे खड्डे आठ. पाचात मी उतरलो, माप घेतलं, मुरूम काढला. तिनाचं खोदणं चालू होतं, साइटवरचा सुपरवायझर म्हणे, दोन दिसानं या. अन् त्या दोन दिसात आभाळ भरून आलं, इकडं घरी माह्या पोरीची सोयरीक, पाहुणे आर्णीवरून येऊन राह्यलेले, मी काही गेलो नाही, चौथ्या दिवशी गेलो. पाहतो तर तिन्ही खड्डे काँक्रीट भरून मोकळे. सुपरवायझर म्हणे, भाई, पाणी आलं असतं तर खड्डे ढासळले असते, तिन्हीची खोली सेमच हाये, लिवून टाका. अन् मी लिवलं. काय सांगू तुमाले ताई, तवा मले काही वाटलंबी नाही, पाच बरोबर हायेत तर तीन काहून नसन.

तेवढ्यात नाईक आला. हात पुढं केला, म्हणे, भाई, तिनाची माती राह्यली. पाच पुरचुंड्या त्यानं घरी खुंटीले टांगेल होत्या. मी काय करावं? पाचव्या खड्ड्याच्या मुरमाचा बाजूले ढीग पडेल होता, त्यातून मांगं जाऊन तीन मुठी उचलल्या, बांधल्या, देल्ल्या. तू उतरला ना, नाईक म्हणे. मी म्हणलं, हो.

दोन वर्ष शाळा चालली. तिसऱ्या पावसाळ्यात त्या तीन खड्ड्याच्याच बाजूनं खोली खचली, भिंतीत हात जाईन एवढी भेग पडली. कोणाले लागलं नाही, शुकर हाये, पण शाळेले कुलूप लागलं अन् पोट्टे पुन्हा ढोरामांगं. मी सुपरवायझरले गाठलं, तो म्हणे, भाई, तिथं मुरूम लागतच नोता, वरून पाऊस, हातभर काळी माती तशीच राह्यली. मंग चौकशीले साहेब आले, मलेबी बोलावलं. चोराच्या मनात चांदणं, मी खाली मान घालून उभा. अन् नाईक काय करते, तर घरून आठही पुरचुंड्या घेऊन येते, साहेबापुढं मांडते, म्हणते, साहेब, या माणसाले बोल लावू नका, हा आठही खड्ड्यात उतरला, पाहा. जमीनच खोटी निंघाली. मीच देल्ली, माहाच गुन्हा. साहेबाले तेच पाह्यजे होतं, कोणी काही खोदून पाह्यलं नाही. अन् मी, ताई, मी चूप राह्यलो. तेच दुखते मले. माप चुकते माणसाचं, पण मी त्या बुढ्याले त्याच्याच जमिनीची लाज वाटू देल्ली.

नाईक खरं न कळताच मेला. मी ठेकेदार सोडला. आता घरकुलाचे एस्टिमेट करतो, गुडघे गेले, तरी हरेक खड्ड्यात उतरतो. बैल गेला अन् झोपा केला.

मांगच्या महिन्यात नाईकाच्या पोरीचा, सोमीबाईचा फोन आला. घरकुल मंजूर झालं, जागा पाहाले या. गेलो. तिनं जागा दाखवली ते नाल्याच्या काठची, पुराचं पाणी दरसाली जिथं चढते तिथं. मी म्हणलं, बाई, रस्त्याकडं तुमचं वावर हाये, इथं कायले? म्हणे, बाप मरताना सांगून गेला, ते जमीन खोटी हाये, तिथं काही उभं राह्यत नाही. मनात म्हणलं, आता चूप राह्यलो तर हे बाई लेकराबाळांसंगं पाण्यात जाईन. तिथंच बसलो अन् सारं सांगतलं, तीन खड्डे, तीन मुठी, सारं. तिनं मले शिवी देल्ली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणे, शाळा खचली तवा माहा बाप आठ दिवस जेवला नोता.

घर आता रस्त्याकडच्या वावरातच होऊन राह्यलं. परवा मुरूम लागला, मी उतरलो, माप घेतलं, मूठ भरून वर आलो अन् हात पुढं केला. तिनं घेतली नाही. पदर खोचला, सोता खड्ड्यात उतरली, आपल्या हातानं मुरूम उकरला अन् आपल्या पदरात बांधला. बरोबरच केलं तिनं. अल्ला तिचं घर सलामत ठेवो.

शाळेले कुलूप हायेच. त्या मोजमापाच्या पुस्तकात अजूनबी आठच लिवेल हाये, हापिसात जाऊन सांगाची हिंमत मले झाली नाही. तुमी लिवून राह्यल्या ना ताई, तर एवढं बरोबर लिवा. खड्डे आठ होते. मी पाचात उतरलो.