दुसऱ्याच्या गळ्याची दाद

मंडळी, ऐका. दुसऱ्याच्या ताटातली पोळी उचलली तर परत ठेवता येते. लाज वाटेल — पण ठेवता येते! दुसऱ्याच्या वाट्याची दाद उचलली, तर ती कशी परत द्यायची? सांगा! खांबाला टेकलेले काका डोळे मिटून विचार करताहेत. करा, करा — फक्त विचाराचा आवाज सुरात येऊ द्या!

तर द्वारका मांद्रेकर नावाची एक नटी होती. संगीत नाटकातली, गोव्यातल्या मांद्र्याची. रूप असं, की ती रंगमंचावर आली की दारातला पानवाला चुना लावायला विसरायचा. गळाही बरा होता. धाकटी बहीण यमुना तिच्यासोबत कंपनीत असे. ताईला नऊवारी नेसवायची, अंबाडा घालायची, आणि हात चालू असताना ताईचीच पदं गुणगुणायची.

बेळगावचा मुक्काम. तिकिटं संपलेली — आणि दुपारी द्वारकेचा आवाज बसला! काढे झाले, गुळण्या झाल्या. संवाद कसेबसे निभावले असते, पण पदांचं काय? कंपनीचे मालक गोपाळराव कपाळाला हात लावून बसले. तेव्हा यमुना हळूच म्हणाली, मी विंगेत बसून गाते, ताईनं नुसते ओठ हलवावेत.

आणि काय गायली हो ती! पेटीवाला तिच्याकडे बघतच राहिला. लोक ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडले — द्वारकेकडे बघून! द्वारकेनं वाकून नमस्कार केला. कुणाला करायला हवा होता? विंगेत ना? तिनं केला समोर.

थोड्या दिवसांत तिचा गळा सुधारला. वैद्य म्हणाले, बाई, आता खुशाल गा. इथंच गोष्ट संपायची! पण वर्तमानपत्रात छापून आलं होतं, की द्वारकाबाईंचा आवाज इतका गोड पूर्वी कधीच नव्हता. तिनं ते वाचलं. परत वाचलं. आणि वैद्यांचं बोलणं कुणालाच सांगितलं नाही. तिला आपल्याच गळ्याची भीती वाटू लागली होती, मंडळी.

मग गावोगाव तेच. ओठ हिचे, सूर तिचे. एकदा आरशासमोर ताईच्या वेणीत गजरा माळताना यमुना म्हणाली, “ताई, नव्या नाटकात दासीला एक पद आहे. ते मला म्हणू दे.”

“अगं, लोक आवाज ओळखतील.”

“कुणाचा म्हणून?” यमुनेनं विचारलं.

द्वारकेनं मान आरशाकडे वळवली. तिनं गजराच नीट करून घेतला.

त्यानंतर यमुनेला देवळात गाता येईना, कुणाच्या हळदीला ओवी म्हणता येईना. काही वर्षांनी ती मुकाट्यानं मांद्र्याला निघून गेली. मग द्वारकेनंही रंगभूमी सोडली. लोक म्हणाले, बघा, कीर्तीच्या शिखरावर असताना सोडली! केवढं वैराग्य!

केस पिकल्यावर मांद्र्याच्या लोकांनी देवळाच्या अंगणात द्वारकाबाईंचा सत्कार ठरवला. सकाळी ती बहिणीकडे गेली. यमुनेनं पेज वाढली, लोणचं वाढलं. द्वारका म्हणाली, बेळगावातलं पद एकदा म्हण ना.

“नको गं ताई,” यमुना म्हणाली. “मी ते म्हटलं तर लोक म्हणतील, तुझी नक्कल करते.”

द्वारकेनं तेव्हाच ठरवलं.

सत्काराला ती उभी राहिली. म्हणाली, “ती पदं मी गायली नाहीत. माझ्या बहिणीनं गायली. ती बघा, तिथं बसली आहे.”

आणि मग — टाळ्या! अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, बाईंचं मन केवढं, आपलं यशही बहिणीच्या पदरात घालतात! द्वारका सांगू लागली, अहो, हे खरं आहे. जितकं सांगावं तितक्या टाळ्या वाढल्या. शेवटी कुणीतरी यमुनेला म्हणालं, तुम्हीही एक पद म्हणा.

यमुना उठली. इतक्या वर्षांचा बंद गळा. सूर चिरकला, अंतऱ्यात दम तुटला. लोकांनी कौतुकानं माना हलवल्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “ताईंची सर नाही हो. पण म्हटलं बरं.”

द्वारकेनं ते ऐकलं. यमुनेनंही ऐकलं. ती पदर सावरून खाली बसली.

मंडळी, खरं बोललं की पाप फिटतं, असं आपण म्हणतो. पण खऱ्यालाही वेळ असते हो! उशिरा आलेलं खरं पुन्हा खोट्याच्याच गळ्यात हार घालून जातं. हसू नका. पाहुण्यांनी आमटीची तारीफ केली, तेव्हा मान कुणी डोलावली आणि चुलीपुढे कोण होतं? दुकान भावानं उभं केलं, पाटीवर नाव कुणाचं? तुमच्या विंगेत कुणीतरी बसलं आहे. आज घरी जा, आणि चारचौघांत त्याचं नाव घ्या — त्याचा गळा शाबूत आहे तोवर घ्या.