चौदाव्या मजल्याबाहेर

दाजी : हलू नकोस म्हटलं ना! पाय आहेत तिथंच राहू देत.

लंबू : मी कुठं हलतोय? झुलाच हलतोय, दाजी. तुमच्या बाजूची तार तुटली का?

दाजी : तुटली नाही. कप्पीतून निसटून अडकलीय. होतं असं कधी कधी.

लंबू : बावीस वर्षं असल्या झुल्यावरून काचा पुसताय तुम्ही. कितीदा झालं?

दाजी : एकदाही नाही.

लंबू : वा! माझ्याच नशिबी आलं. तुमचं टोक हातभर खाली गेलंय. बादली गेली ती... खाली कुणी नव्हतं ना?

दाजी : नव्हतं. रस्त्याची ती बाजू सकाळीच बंद केलीय. तू खाली बघू नकोस.

मुकादम (वर गच्चीवरून) : आहात ना रे दोघंही? मोटरला हात लावू नका! अग्निशामकवाले निघालेत. वीस मिनिटं धरा!

लंबू : वीस मिनिटं धरा म्हणे! जसं काही बसचा दांडा धरून उभे आहोत.

दाजी : देवबापा, आभार. मुकादम गच्चीवर होता, चहाला गेला नव्हता, त्याबद्दल. लंबूच्या बाजूची तार टिकून आहे, त्याबद्दल. वारा अजून...

लंबू : दाजी, बंद करा.

दाजी : ...वारा अजून वाढला नाही, त्याबद्दल.

लंबू : बंद करा म्हणतो! सकाळी ताई बायबलमधला उतारा वाचते, मग तुम्ही सगळे एकेक करून आभार मानता. मी तिचा धाकटा भाऊ, म्हणून पाव चावत गप्प बसतो. इथं नाही बसणार.

दाजी : हे बोललो नाही तर किंचाळेन रे.

लंबू : मग किंचाळा! निदान खरं तरी असेल.

दाजी : हेही खरंच आहे. एकेका गोष्टीचं नाव घेतलं की तेवढी तरी हातात राहते. नाहीतर मग नुसतं ते खालचंच दिसतं.

लंबू : आज तो योना काढला होता ताईनं. माशाच्या पोटात बसून आभार मानतो म्हणे. मला वाटलं, डोकं फिरलं असणार त्याचं.

दाजी : मलाही वाटतं कधी कधी. पण सुटल्यावर मानू म्हणाला असता, तर आत दिवस कशावर काढले असते त्यानं?

लंबू : दाजी! गेला! आणखी खाली गेला!

दाजी : कठडा धर! घट्ट! ...थांबला. थांबला बघ.

लंबू : पट्टे आहेत ना आपल्याला. झुला गेला तरी आपण आपापल्या दोराला लटकू. हो ना?

दाजी : तू लटकशील. तुझी गाठ सकाळी मीच तपासलीय.

लंबू : आणि तुम्ही? तुमचा हूक कुठं आहे? दाजी, मी विचारतोय, हूक कुठं आहे?

दाजी : झुल्याला.

लंबू : झुल्यालाच?

दाजी : कोपऱ्याच्या काचेला हात पुरत नव्हता. दोर आड येत होता, म्हणून दोन मिनिटं हूक काढून कठड्याला अडकवला. तेवढ्यात वाऱ्यानं दोर पलीकडं नेला.

लंबू : पहिल्या दिवशी माझं डोकं खाल्लं होतंत तुम्ही! दोन मिनिटांसाठीसुद्धा दोर सोडायचा नाही म्हणून!

दाजी : हो. खाल्लं होतं.

लंबू : थांबा, मी येतो तिकडं. माझ्या दोराला अडकवतो तुम्हाला.

दाजी : खबरदार हललास तर! तुझं वजन इकडं आलं की ही तार जाणार.

लंबू : मुकादम! ओ मुकादम! दाजींचा हूक झुल्याला आहे! त्यांना दोर नाही! ऐकलंत का?

मुकादम : काय? अरे देवा... थांबा, दुसरा दोर बांधतो! हलू नका कुणी!

लंबू : म्हणजे मी बघत बसायचं. पुन्हा.

दाजी : लंबू...

लंबू : दवाखान्यात बसलो होतो तसंच. आत बायको, आत बाळ, आणि मी दाराबाहेर खुर्चीवर. दोघांना एकाच पेटीत पुरून आलो तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं?

दाजी : आठवतं.

लंबू : म्हणा. आता म्हणा की!

दाजी : रडू नकोस. आभार मान, ती प्रभूकडं गेली.

लंबू : माझ्या नखांत माती होती अजून. तीन वर्षं झाली, चर्चची पायरी चढलो नाही मी. ताईला वाटतं, देवावर रुसलोय. अर्धा राग तुमच्यावर आहे.

दाजी : ठाऊक आहे मला.

लंबू : ठाऊक आहे?

दाजी : त्याच आठवड्यात मी लाजराचा अध्याय उघडला. किती वेळा वाचला असेल. प्रभू त्या मेलेल्या मित्राच्या कबरीपाशी येतो. आता लाजर उठून बाहेर येणार, हे त्याला माहीत आहे. तरी काय करतो?

लंबू : ...रडतो.

दाजी : आधी रडतो. मग धोंडा बाजूला करायला लावतो, आणि मग वर बघून बापाचे आभार मानतो. मी तुझं रडणंच गाळलं आणि तुला ओढत आभारापाशी नेऊन उभं केलं. प्रभूनं स्वतः घेतली तेवढी सवडही तुला दिली नाही.

लंबू : मग तीन वर्षं तोंडात काय धरून बसला होतात?

दाजी : घाबरलो. तू समोर पाव चावत बसायचास आणि मी बायबल मिटून ठेवायचो. त्या दिवशीही भीतीच होती रे. तुझं रडणं मला ऐकवत नव्हतं. तुला गप्प करायला मी देवाचं वचन वापरलं. चुकलं माझं.

लंबू : एवढं बोलायला चौदा मजले चढावे लागले तुम्हाला.

मुकादम : दोर सोडतोय! दाजी, पकडा आणि हूक लावा!

लंबू : आला! तुमच्या उजव्या खांद्यापाशी आहे. घ्या! ...अहो, घ्या ना! परत गेला तो!

दाजी : हात सुटत नाहीये कठड्यावरून. लंबू, बोटं उघडतच नाहीत.

लंबू : दाजी, आभार माना.

दाजी : आता काही सुचत नाही मला.

लंबू : मी सांगतो, तुम्ही फक्त म्हणा. ताई.

दाजी : तुझी ताई... आभार, बापा.

लंबू : मुकादमाचा दोर.

दाजी : दोर. आभार.

लंबू : उजवा हात.

दाजी : उजवा हात... त्याबद्दल आभार.

लंबू : आभार मानलेत ना? मग वापरा तो! येतोय दोर, येतोय... आत्ता!

दाजी : धरला! धरला रे!

लंबू : आधी तो हूक लावा. मगच झुल्याचा काढा. खटका वाजला का?

दाजी : वाजला. लंबू, मी गेल्यावर झुला उसळेल. मान खाली घालून बस.

लंबू : जा तुम्ही. ओढा हो वर!

मुकादम : ओढा रे, ओढा! ...आले! दाजी आले वर! लंबू, अग्निशामकवाले पोचलेत, आता तुलाच घेतोय. दम धर!

लंबू : बापा... तीन वर्षांनी बोलतोय. थांब जरा. नाक पुसायला हात मोकळा नाही. ...ती गेली, बाळ गेलं, त्याचे आभार मला मागू नकोस. ते मला जमत नाही. पण दाजी वर पोचले. तेवढ्याचे आभार.

दाजी : लंबू! काय म्हणालास रे? वाऱ्यात ऐकू आलं नाही!

लंबू : तुम्हाला नाही म्हटलं, दाजी.