आठ नंबरचा जोड

नाही हो भाऊ, खोकी खाली काढू नका, मला काही घ्यायचं नाहीये – माझी चप्पल अजून धडधाकट आहे. मी त्या कुबडीवाल्यांची बायको. हां, तेच, डावा बूट नेणारे. आणि उजवा नेतो तो डोंगऱ्या. दोघांचं माप आठ, म्हणून एका जोडात दोघांचं भागतं – तुम्ही गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगता म्हणे. मला नका सांगू ते कौतुक. पुढच्या खेपेला दोघं आले की म्हणायचं, आठ नंबर संपला. एवढंच काम आहे माझं.

हसताय काय? दुसऱ्या दुकानात जातील – जाऊ देत. एक बूट दरवेळी उकिरड्यावर टाकावा लागला तरी चालेल मला, पण ह्यांचा जोड ह्यांचा असू दे. तो डोंगऱ्या कोण, ठाऊक आहे ना? बंदूक घेऊन डोंगरात होता तो. हे सरकारच्या बाजूनं. आणि भांडण कशावरून – तर खाणीवरून. नोकऱ्या मिळाल्या आमच्या खालच्या वस्तीला, विहिरी आटल्या त्यांच्या वरच्या वस्तीच्या. आधी ते अर्ज घेऊन आले, आमच्यांनी हुसकून लावलं. मग ते बंदुका घेऊन आले. सुरुंग त्यांनी पेरले, आमच्यांनीही पेरले. ह्यांचा पाय गेला त्यांच्या सुरुंगावर, त्याचा गेला आमच्या. माझा धाकटा दीर तर अख्खाच गेला. आणि आता ह्या दोघांचं गूळपीठ.

राग? नाही हो, राग रडून रडून कधीच संपला. हे दुसरंच आहे – सांगते, पण तुमच्यापाशीच राहू द्या. लढाई थांबून इतकी वर्षं झाली, ह्यांनी तो गुडघ्याखाली तुटलेला पाय मला एकदाही बघू दिला नाही. अंघोळीला आतून कडी. झोपताना विजार. पाय ठणकतो – जो नाहीच तो ठणकतो म्हणतात – तेव्हा उशीत तोंड खुपसतात, पण मी हात पुढे केला की कूस बदलतात. मी म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव. काय करणार? आणि गेल्या रविवारी ह्यांचा डबा द्यायला त्या मेल्या डोंगऱ्याच्या खोलीवर गेले, तर हे खाटेवर बसलेले, विजार वर गुंडाळलेली, आणि तो ह्यांच्या पायाला तेल चोळतोय. तो. आणि हे डोळे मिटून हसतायत. सवत परवडली हो – सवतीशी निदान भांडता तरी येतं. डबा दारातच ठेवला नि परत आले. कुणी आणला, ते विचारलंसुद्धा नाही ह्यांनी.

काय म्हणालात? आज येणारेत? – अगबाई, आलेच की, त्या खांबापाशी. दोघांत मिळून एकच छत्री, बघा. मागचं दार कुठंय तुमचं? – हे बघा, द्या त्यांना आठ नंबर, राहू दे. फक्त ह्यांचं बूट घालून बघणं चाललं असलं ना, की त्या डोंगऱ्याला बाजूला घेऊन विचारा – तेल कोमट करून घेतो का, आणि चोळतो कसं, खालून वर की वरून खाली. मी विचारलं म्हणून सांगायचं नाही. ओळखीत कुणाला हवंय म्हणा. सरका जरा, जाऊ द्या मला.