सहाची वंदना

नांदेडच्या बसस्थानकात तनुजा जळकोटच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढं दोघी नर्स बोलत होत्या.

“धुरपताताई, मालक जळकोटला, लेक लातूरला, तुम्ही इथं. संसार कवा करता वो?”

“रोज सांजच्याला सहाला. तिघं मिळून फोनवर बुद्धवंदना म्हणतो.”

“अन् भांडण झालेलं असलं तर?”

“तरीबी. आधी वंदना, मग भांडण.”

“आज तर घरीच निघालात. आज कशाला फोन?”

“पोचायला आठ वाजतील की.”

फोन वाजला. धुरपताबाईंनी चपला काढल्या, फोन पिशवीवर ठेवला अन् हात जोडले. एका सुरात तीन आवाज निघाले. तेवढ्यात गाडी लागली.

“बाई, सरका की पुढं!” मागून एक म्हातारा ओरडला.

“थांबा वो काका,” तनुजा हळूच म्हणाली, “त्या घरी हायत.”