दसऱ्याचं कुंकू आणि करवत

हसणारच असाल तर आधीच हसून घ्या. निवृत्तीनंतर मी नवेगाव बांध या गावी राहायला आलो, त्यानंतरची ही गोष्ट. दिवाळी झाली आणि गल्लीत कडुलिंबाची मोठी फांदी पडली. मागे शेजारच्या देवाजीचा धानानं भरलेला ट्रॅक्टर अडकला, वर आभाळ भरून आलेलं. मी माझी जुनी पेट्रोलची करवत काढली. ती फांदीत वीतभर गेली आणि तिचा दम गेला.

प्लग पुसला, हवेची जाळी झटकली. तरी तेच.

“मी चुकीची धरतोय का, देवाजी?”

“पेट्रोल त आहे ना जी, सर?” त्यानं टाकीचं झाकण उघडून पाहिलं आणि लावलं. मशीन चालली, मिनिटभरात पुन्हा मेली. तीनदा असंच झालं: झाकण उघडून लावलं की चालायची, मिनिटभरात मरायची. मला वाटलं, तिला माझा हातच नको आहे.

देवाजीनं झाकण डोळ्यांजवळ नेलं. “हे लाल कायचं जी?”

“कुंकू. दसऱ्याला पूजा केली ना. अक्षता पडू नयेत म्हणून जरा घट्टच कालवलं होतं.”

“अजी, झाकणाले हवेचं छिद्र राहते! तेच बुजवलं तुमी. हवा आत गेली नाही त पेट्रोल येईन कसं?”

त्यानं बाभळीच्या काट्यानं छिद्र मोकळं केलं. फांदी तुटली, धान कोरडं घरी गेलं. जाताना त्यानं विचारलं, “सर, तुमी कालेजात काय शिकवत होते जी?”

जन्मभर हवेचा दाब शिकवलेला मी खाली बघून म्हणालो, “मराठी.”