फाटकावरची चिंधी

थोरली : चाळणी इकडे दे, आणि त्या कुंड्या आधी माझ्या डोळ्यांसमोरून हलव.

धाकटी : हलवते. पण जाऊबाई, एकदा बघा तरी नीट.

थोरली : बघितल्या. घेवडा आहे. घेवड्याची रोपं जन्मल्यापासून रडकीच असतात.

धाकटी : अहो, ही कुंडी साध्या मातीची. एकाच खिडकीत ठेवलेल्या, बी एकच, पाणी एकाच पेल्यानं घातलेलं. हिची पानं बघा कशी मस्त पसरलीत. आणि आपल्या खतातली ही बघा. मुठी वळून बसलीत सगळी, जणू कुणी काही काढून घेणार आहे हातातून.

थोरली : तुला कुणी सांगितले होते हे उद्योग? बरोबर खतवाटपाच्या दिवशी दोन कुंड्या आणून नाचवायच्या! बाहेर रांग लागलीय, ऐकू येतंय ना? नगरपालिकेचे साहेब येतायत बघायला. त्यांनी मान हलवली तर हे आवार आपल्याकडे राहणार. नाहीतर इथे ट्रक उभे राहणार, ट्रक! माहितीये ना?

धाकटी : माहितीये हो. पहाटेपासून दोनदा आवार झाडलंय मी.

थोरली : मग चाळणी धर. हलव. अगं, जोरात हलव, पीठ नाही ते.

धाकटी : हलवतेय. मी त्या क्रीडा क्लबच्या माळ्याला फोन केला.

थोरली : कशाला?

धाकटी : विचार करत होते, या ढिगात नवीन काय पडलं? भाजीची सालं तीच, पालापाचोळा तोच, लोकंही तीच. नवीन एकच. त्यांच्या मैदानाचं कापलेलं गवत. ट्रॉल्या भरभरून आलं होतं ते.

थोरली : त्या गवताला नाव ठेवू नकोस हं. इतका स्वच्छ माल आपल्याकडे कधी आला नव्हता. प्लास्टिकचा कपटा नाही, पिन नाही, काही नाही. मी स्वतः हातानं उलथापालथा करून बघितलाय.

धाकटी : तेच तर. तुम्ही प्लास्टिक शोधत होतात.

थोरली : काय म्हणाला तो?

धाकटी : म्हणाला, ‘ताई, फवारतो की आम्ही. मैदानात तण माजू नये म्हणून औषध मारतो. गवताला काही होत नाही, बाकी पानंबिनं सगळी आखडतात.’ हसत हसत सांगत होता! मी म्हटलं, अहो मग आम्हाला सांगायचं नाही? तर म्हणे, तुम्ही कुठे विचारलंत?

थोरली : चाळणी का थांबवलीस?

धाकटी : आता काय चाळायचं, जाऊबाई?

थोरली : ढीग तापला होता आपला. हात घालवत नव्हता आत. त्या आचेत तणाचं बी मरतं, अळ्या मरतात. ते औषध काय टिकणार आहे!

धाकटी : टिकतं म्हणे. त्यांच्या औषधाच्या डब्यावरच छापलंय, फवारलेलं गवत खताला वापरू नये. मी त्याला फोनवर वाचून दाखवायला लावलं.

थोरली : डब्यावर छापलंय.

धाकटी : हो.

थोरली : आणि मी गावभर लोकांचे डबे उघडून बघत हिंडते.

धाकटी : असं नका ना बोलू. तुम्ही असं बोललात की मला आणखीनच कसंतरी होतं. ओरडा त्यापेक्षा.

थोरली : फाटक कोण वाजवतंय? बघ जरा फटीतून.

धाकटी : बेकरीवाले आहेत. रांगेत पहिले. एका हातात ओल्या कचऱ्याचा डबा, काखेत रिकामं पोतं.

थोरली : त्यांना आत घेऊ नकोस.

धाकटी : का? अजून चिंधीचंच मनात आहे का तुमच्या?

थोरली : कसली चिंधी?

धाकटी : बाई गं, कसली म्हणे! ज्याच्या डब्यात प्लास्टिक निघेल त्याचा डबा लाल चिंधी बांधून त्याच्याच दाराला टांगायचा, हा नियम कुणाचा? त्यांच्या डब्यात क्रीमच्या पिशव्या निघाल्या आणि तुम्ही भर बाजारात दुकानाच्या कडीला टांगलात. मी म्हणत होते, त्यांची बायको आजारी आहे, माणूस एकटा भट्टी आणि घर दोन्ही सांभाळतोय, या वेळी राहू दे.

थोरली : एकाला सोडलं की सगळं गाव सुटतं. नियम तो नियम.

धाकटी : हो ना. आणि मग आठवडाभर त्यांच्या दुकानासमोरून जायचं तुम्हीच टाळलंत.

थोरली : म्हणून तर पाठवलं ना मी.

धाकटी : काय पाठवलं?

थोरली : एक पोतं खत. वाटपाच्या आधीच. नाव न सांगता हातगाडीवाल्याकडून पोचवलं. त्यांच्या बायकोला गच्चीत टोमॅटो लावायचे होते, असं कानावर आलं होतं.

धाकटी : याच ढिगातलं?

थोरली : दुसरा ढीग आहे का आपल्याकडे?

धाकटी : अगं आई गं! जाऊबाई, एकदाच काय ते माया करायला गेलात...

बेकरीवाले : येऊ का आत? फाटकाला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं.

धाकटी : अहो, अजून वेळ आहे! रांगेत थांबा ना!

बेकरीवाले : रांगेतच होतो. जागा धरून आलोय. वाटप सुरू झालं की बाईंना उसंत मिळायची नाही, म्हणून म्हटलं आधीच विचारावं. बाई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, तुम्हाला कळेल. हे पान बघता का जरा?

थोरली : कशाचं आहे?

बेकरीवाले : टोमॅटोचं. वाटत नाही ना? आमचाही विश्वास बसेना. शेंडे असे दोऱ्यासारखे निघतायत आणि गुंडाळतायत. बायको म्हणते, तुम्ही पाणी जास्त घातलंत. मी म्हणतो, तू ऊन कमी दिलंस. सध्या घरात अबोला आहे, बरं का. मीठ हवं असलं तरी मी उठून घेतो.

धाकटी : रोग असेल हो. रोगच. हल्ली हवाच अशी झालीये ना, माझ्या माहेरीसुद्धा...

बेकरीवाले : रोग असला तर औषध सांगा. काय आहे, बाई, ती अंथरुणातून उठली आणि पहिल्यांदा काही करावंसं वाटलं ते हे. सकाळी डोळे उघडले की आधी गच्ची. पीठ फुगायला लागलं की मला कसं बरं वाटतं, तसं मला तिच्याकडे बघून वाटत होतं. आता खालीच बसून असते. म्हणते, माझा हातच वाईट. मी लावलेलं आता काही जगायचं नाही.

थोरली : असं म्हणतात त्या?

बेकरीवाले : रोज.

धाकटी : जाऊबाई, जरा इकडे या. पिंपामागे या. अहो, या ना!

थोरली : काय आहे?

धाकटी : हळू बोला. साहेबांची गाडी कोपऱ्यावर वळलीय. निदान ते जाईपर्यंत थांबा. खत आज नको द्यायला, पटतंय मला. म्हणू की चाळायचं राहिलंय. मग सावकाश सांगू, एकेकाला, समजावून.

थोरली : मघाशी तूच कुंड्या नाचवत होतीस.

धाकटी : मघाशी आपण दोघीच होतो! आता बाहेर सगळं गाव उभं आहे. हे आवार गेलं तर मी काय करू सांगा. परत घरात बसून भिंती मोजू? लोक नाकाला रुमाल लावतात आपल्याला बघून, पण या घाणीत हात घालायला लागले तेव्हापासून मला सकाळी उठावंसं वाटतं. तुमच्या दिरांनाही हे मी कधी बोलले नाही.

थोरली : मला वाटत नाही का तसं? शाळा सुटली आणि मला कुणी ओळखेना. याच ढिगानं ओळख दिली. कचरेवाली बाई का होईना, रस्त्यात लोक थांबवून बोलतात.

धाकटी : मग थांबा ना थोडं. थोडंच.

थोरली : आणि ती बाई तिकडे स्वतःच्या हाताला दोष देत बसेल, ती?

बेकरीवाले : काही अडचण असली तर नंतर येतो मी.

थोरली : नाही, थांबा. ते पान द्या इकडे. बेकरीवाले, पाणी जास्त झालेलं नाही आणि ऊनही कमी पडलेलं नाही. तुमच्या बायकोचं काही चुकलेलं नाही. खत खराब आहे. आमचं खत. ते पोतं मी पाठवलं होतं.

बेकरीवाले : तुम्ही? आम्हाला वाटलं नगरपालिकेचं काहीतरी असेल.

थोरली : मीच. या ढिगात क्लबचं गवत आहे, त्यावर औषध मारलेलं होतं. त्यानं पानं आखडतात. मला आज कळलं. पण घ्यायच्या आधी मी विचारायला हवं होतं.

बेकरीवाले : म्हणजे तुम्ही न विचारता घेतलंत.

थोरली : न विचारता. हिरवंगार, स्वच्छ दिसलं आणि हुरळून गेले.

बेकरीवाले : आणि माझ्या डब्यात पिशव्या निघाल्या, तेव्हा तुम्ही मला तरी कुठे विचारलंत?

थोरली : नाही विचारलं.

बेकरीवाले : बायकोला त्या दिवशी दवाखान्यात न्यायचं होतं. घाईत हाताला येईल त्या डब्यात टाकलं. सबब नाही सांगत, चूक ती चूकच. पण दुकानात गिऱ्हाईक हसत होतं, बाई. एक जण म्हणाला, पावालाही चिंधी बांधून देता का? मीही हसलो. काय करणार? गिऱ्हाईक आहे.

धाकटी : अहो, त्याचंच वाईट वाटलं म्हणून तर यांनी ते पोतं...

थोरली : माझी वकिली नको. चिंध्यांची पिशवी कुठे आहे?

धाकटी : कशाला?

थोरली : दे म्हणते ना. सगळ्यात लांब असेल ती काढ. आणि ते स्टूल धर, फाटकाच्या वरच्या गजाला बांधायची आहे.

धाकटी : साहेबांना दिसेल हो!

थोरली : साहेबांना काय, सगळ्यांना दिसू दे. स्टूल धर नीट. एक पाय आखूड आहे त्याचा.

धाकटी : धरलंय हो घट्ट. पडलो तर दोघी पडू.

थोरली : आता उघड फाटक. पुरं उघड. मंडळी, इकडे लक्ष द्या! आज खत मिळणार नाही. पुढेही या ढिगातलं मिळणार नाही. मी न विचारता औषध मारलेलं गवत यात घातलं आणि सगळा ढीग नासवला. तुमच्या डब्यांचा काही दोष नाही, माझा आहे. ही चिंधी माझी आहे. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी इथेच बोला, मी उभी आहे.

(गलका होतो, बराच वेळ चालतो, मग हळूहळू रस्त्याच्या टोकाकडे सरकत विरतो.)

धाकटी : गेले हो सगळे. शिंपीणबाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? पूर्वीसारखं सगळं एकत्र कचऱ्याच्या गाडीत टाकू, डोक्याला ताप नको. आणि त्या घड्याळजींनी तर डबाच ठेवला इथे पालथा घालून. म्हणाले, तुमचा तुम्हाला लखलाभ.

थोरली : ऐकलं.

धाकटी : साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून विचारलं, हा झेंडा कसला? मी सांगितलं. कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय हो? नाहीच ना?

थोरली : कळवतो म्हणजे कळवतो. उगाच फेऱ्या मारू नकोस, मला गरगरतंय. बस जरा.

धाकटी : बसवत नाही. एवढा मोठा ढीग! याचं करायचं काय आता?

थोरली : क्लबला परत. त्यांच्या गवताला चालतं म्हणे, मग त्यांच्याच मैदानावर पसरू दे. आणि हो, बेकरीवाले... तुम्ही गेला नाहीत?

बेकरीवाले : बायकोला काय सांगायचं, ते जुळवत उभा आहे.

थोरली : सांगा, तुझा हात चांगला आहे. बाईंचा वाईट निघाला.

बेकरीवाले : माझं खरं वाटायचं नाही तिला. तिला वाटेल, समजूत घालतोय. तुम्ही येऊन सांगा.

थोरली : येते. आत्ता येते. चप्पल कुठे गेली माझी?

बेकरीवाले : आत्ता नको, भट्टी थंड झाली की या. आणि राग गेलाय माझा असं समजू नका हं. जायला वेळ लागेल.

थोरली : लागू दे.

बेकरीवाले : बरं, आता हा डबा. उघडून बघा.

थोरली : नको. असू दे.

बेकरीवाले : बघा हो. नियम तुमचाच ना? बघा.

थोरली : भाजीची देठं. चहाचा चोथा. अंड्यांची टरफलं. स्वच्छ आहे.

बेकरीवाले : कशावर काही फवारलेलं नाही. विचारलं नाहीत, तरी सांगतो.

धाकटी : पण हा ढीग तर गेला ना, दादा. आता कुठे...

बेकरीवाले : तो गेला, ते कळलं मला. नवा कुठे लावताय ते सांगा. हात भरून आलाय माझा.